ट्यूनिंगनंतरची खरखर

गाडी ट्यूनिंगहून परत येते तेव्हा सगळं मनासारखं झालेलं असतं. प्लग नवे, पॉइंट नवे, कॅप-रोटर नवा, प्लग वायरचा अख्खा सेट नवा. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू होतं, आयडलिंगला थरथरत नाही, घाटात ओढ जाणवते. मग डॅशबोर्डवरचा जुना रेडिओ लावावा, तर पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्‌झवर बातम्यांच्या आधी खरखरच ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती दाट होते, सोडला की विरळ. गॅरेजमध्ये सांगितलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: रेडिओ जुना झालाय, आता ब्लूटूथवाला सेट टाका.

हा सल्ला मला मान्य नाही. गाडी गॅरेजला सोडायला जाताना जो रेडिओ नीट चालत होता, तो परतीच्या वाटेवर अचानक म्हातारा होत नाही. हात लागला तो बॉनेटखाली, तेव्हा शोधही तिथूनच सुरू व्हायला हवा. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत हा शोध घरच्या घरी घेता येतो, कारण तिच्या इग्निशनमध्ये डोळ्यांपासून लपलेलं फारसं काही नाही. बॅटरी, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर म्हणजे आपल्या गॅरेजमधला डेल्को, चार प्लग आणि त्यांना जोडणाऱ्या पाच जाड वायर, एवढाच कारभार. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली त्याला दोन दशकं उलटून गेली, मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. पण हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी अजून रस्त्यावर आहेत आणि काहींच्या डॅशबोर्डात मध्यम लहरींचा रेडिओही शाबूत आहे. पुढचं सगळं विवेचन या गाडीला धरून केलं आहे. अँबॅसेडर, हेराल्ड किंवा जुनी जीप असली तरी तत्त्व बदलत नाही.

मुळात पेट्रोल इंजिनातून रेडिओला ऐकू येईल असं काही बाहेर का पडावं? डेल्कोमधले पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि तिच्या गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब चढतो. दहा-पंधरा हजार व्होल्टच्या आसपास कुठेतरी प्लगच्या फटीतली हवा हार मानते आणि ठिणगी पडते.

या ठिणगीचे दोन भाग असतात आणि रेडिओच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. ठिणगी पडण्याआधी प्लग वायर आणि प्लग यांच्यावर विद्युतभार साठलेला असतो. फट फुटताक्षणी तो साठा सेकंदाच्या काही अब्जांश भागांत रिकामा होतो, आणि तेवढ्या क्षणापुरता प्रवाह कितीतरी अँपिअरपर्यंत उसळतो. त्यानंतर कॉइलमधली उरलेली ऊर्जा सावकाश, म्हणजे साधारण एक हजारांश सेकंदभर, ठिणगीतून वाहत राहते. हा दुसरा प्रवाह अगदी किरकोळ, काही डझन मिलिअँपिअरचा असतो. रेडिओला त्रास होतो तो पहिल्या उसळीचा. सतारीची तार छेडली तर एक स्वर निघतो. टाळी वाजवली तर कुठलाच एक स्वर दाखवता येत नाही, तिच्यात सगळेच थोडेथोडे असतात. विजेचा इतका आखूड झटकाही तसाच असतो. त्याची ऊर्जा मध्यम लहरींपासून टीव्हीच्या लहरींपर्यंत सगळीकडे पसरते, आणि अर्धा-पाऊण मीटर लांबीची प्लग वायर तिला आयती एरियल म्हणून मिळते.

रेडिओचा जन्मच अशा ठिणगीतून झाला. हाइनरिश हर्ट्‌झने १८८७-८८मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत पकडल्या त्या इंडक्शन कॉइल आणि ठिणगी वापरूनच. जगदीशचंद्र बोसांनी १८९५मध्ये कोलकात्यात दूरवरची घंटा वाजवून दाखवली तीही ठिणगीच्याच लहरींनी. मार्कोनीने डिसेंबर १९०१मध्ये अटलांटिकपार संदेश ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हाही पलीकडच्या किनाऱ्यावर ठिणगीचाच ट्रान्समीटर होता. पुढे आकाशात गर्दी झाली. एका ठिणगीने सगळ्यांचंच संभाषण बुडतं म्हणून असे ट्रान्समीटर आंतरराष्ट्रीय नियमांनी मोडीत काढले गेले. इंडक्शन कॉइल, प्रवाह तोडणारा पॉइंट, ठिणगीची फट आणि एरियल ही सगळी मांडणी मात्र पेट्रोल गाडीत तशीच राहिली. परवाना नसलेलं एक छोटं प्रसारण केंद्र रेडिओपासून हातभर अंतरावर चालू असतं. ते ऐकू येणं स्वाभाविक आहे. एरवी ते ऐकू येत नाही, कारण कोणीतरी विचारपूर्वक त्याचं तोंड बांधलेलं असतं.

हा बंदोबस्त गाडीत रेडिओ आला तेव्हापासूनचा आहे. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३०मध्ये मोटोरोला नावाने कार रेडिओ विकायला काढला, तेव्हा इंजिनाचा गोंगाट गप्प करणं हे त्यांच्या माणसांपुढचं मोठं काम होतं. प्रत्येक प्लगवर रेझिस्टर, डेल्कोवर रेझिस्टर, जनरेटरवर कंडेन्सर, असा सगळा जामानिमा रेडिओबरोबर बसवावा लागे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या ज्या जीपवर हा बंदोबस्त झालेला असे, तिच्या बॉनेटवरच्या क्रमांकापुढे 'एस' हे अक्षर रंगवत, म्हणजे वायरलेसवाल्याला लांबूनच कळे. ब्रिटनमध्ये शेजारून मोटार गेली की घरातल्या टीव्हीवर ठिपक्यांचा पाऊस पडू लागला आणि १९५२च्या नियमांनी नव्या गाड्यांचं इग्निशन शांत करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे आज वाहनातून बाहेर पडणाऱ्या या विद्युतचुंबकीय उत्सर्जनासाठी एआयएस-००४ हे मानक आहे आणि त्याच्या चाचण्या पुण्यात एआरएआयमध्ये होतात. पद्मिनीच्या काळात बहुतेकांनी रेडिओ नंतर, बाहेरून बसवून घेतला. त्यामुळे तिच्यातला बंदोबस्त कारखान्याचा कमी आणि त्या वेळच्या रेडिओ मेकॅनिकचा जास्त असतो. कागदोपत्री त्याची कुठेच नोंद नसते. म्हणून तर ट्यूनिंगच्या वेळी तो सहज निघून जातो.

ट्यूनिंगमध्ये नेमकं काय काय बदलतं ते पाहू. सर्वांत मोठी संशयित म्हणजे प्लग वायर. जुन्या वायरमध्ये आत तांब्याऐवजी कार्बन भिनवलेला धागा असू शकतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, मात्र कार्बनच्या वायरचा रोध मीटरमागे साधारण दहा ते वीस हजार ओहम असतो. पुण्यात नाना पेठेत दुकानदाराला नुसता 'पद्मिनीचा वायर सेट द्या' असं म्हटलं तर बरेचदा तांब्याचा मिळतो. तांब्याची वायर टिकते, आतून तुटत नाही, आणि अनेक अनुभवी मिस्त्रींचा ठाम विश्वास असतो की तिने करंट जोरात जातो. हा विश्वास तपासून पाहण्यासारखा आहे. दहा हजार ओहमच्या वायरमधून ठिणगीचा दुसरा, टिकाऊ भाग वाहतो तेव्हा प्रवाह पन्नास मिलिअँपिअर धरला तरी वायरमध्ये पाचशे व्होल्ट खर्ची पडतात. कॉइल हजारो व्होल्ट देत असताना एवढी तूट ठिणगीच्या खिजगणतीतही नसते. उलट पहिली उसळी जिथे कित्येक अँपिअरवर जात होती, ती अँपिअर-दीड अँपिअरवर येऊन थांबते. म्हणजे ठिणगी जवळपास तेवढीच राहते आणि गोंगाट मात्र पार खाली येतो. तांब्याची वायर लावून पिकअप वाढल्याचं जे जाणवतं, ते बहुतेक वेळा जुन्या, तडकलेल्या वायर निघाल्याचं श्रेय असतं.

दुसरा संशयित प्लग. रेझिस्टर असलेल्या प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रोध असतो आणि बहुतेक कंपन्या त्याच्या क्रमांकात 'आर' घालतात. एनजीकेचा बीपी६ईएस आणि बीपीआर६ईएस यांच्यात मुख्य फरक एवढाच. उष्णता श्रेणी तीच, आटे तेच, लांबी तीच. दुकानात एकाच्या जागी दुसरा सहज दिला जातो आणि इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. जुने प्लग फेकायच्या आधी त्यांच्यावरचा क्रमांक वाचून ठेवावा.

तिसरी जागा डेल्कोची कॅप आणि रोटर. रोटरच्या पितळी पट्टीत मध्येच राखाडी लाखेने भरलेला खळगा दिसला, तर तो रेझिस्टरवाला रोटर. सरळ अखंड पट्टी असेल तर साधा. रोटरचं टोक कॅपमधल्या खुंट्यांना टेकत नाही, त्यांच्यात बारीक फट असते आणि प्रत्येक वेळी तिथेही एक ठिणगी उडी मारते. प्लगच्या ठिणगीइतकीच ही दुसरी ठिणगी रेडिओला उपद्रव देते. रेझिस्टर ठिणगीच्या जितका जवळ तितका उपयोगी, कारण ठिणगी आणि रेझिस्टर यांच्या मध्ये वायरचा जो तुकडा उरतो तो एरियलचं काम करतच राहतो. म्हणूनच प्लगच्या पोटातला आणि रोटरमधला रेझिस्टर इतके गुणी ठरतात. कॅप उलटी करून तिच्या मधोमध असलेला कार्बनचा दट्ट्या बोटाने दाबून पाहावा. तो स्प्रिंगवर हलका मागे जाऊन परत यायला हवा. नव्या पण हलक्या प्रतीच्या कॅपमध्ये तो आत अडकून बसलेला असतो, मग कॉइलकडून आलेला करंट तिथेही फट ओलांडून उडी मारू लागतो. इंजिन तक्रार करत नाही, रेडिओ करतो.

आणि मग येतो कंडेन्सर, ज्याच्यावरून सर्वांत जास्त घोळ होतो. पद्मिनीच्या इग्निशनमध्ये दिसायला जवळजवळ सारख्या दोन डब्या असू शकतात: एक तार बाहेर आलेली, अंगठ्याएवढी धातूची नळकांडी आणि तिला स्क्रूने कसायची पट्टी. पहिली डेल्कोवर, पॉइंटना समांतर. तिची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. पॉइंट उघडताना त्यांच्यावर ठिणगी पडू नये आणि कॉइलचं क्षेत्र झटकन कोसळावं, हे तिचं काम. ती नसेल तर गाडी नीट चालणारच नाही. दुसरी कॉइलच्या बाजूला, बॅटरीकडून येणाऱ्या वायरच्या खुंटीवर. तिची क्षमता एखादा मायक्रोफॅरड असते आणि तिचं काम फक्त रेडिओसाठी: कॉइलमधून मागे, बॅटरीच्या वायरकडे जाणारा गोंगाट तिथल्या तिथे बॉडीत उतरवणं. ही दुसरी डबी काढून टाकली तरी इंजिनाला काहीच फरक पडत नाही. ट्यूनिंग करणाऱ्याला ती जादा वाटते आणि स्क्रू-बोल्टच्या ताटलीत राहून जाते.

त्याहून वाईट म्हणजे ती चुकीच्या खुंटीवर लागणं. कॉइलच्या दोन बारीक खुंट्यांपैकी एक बॅटरीकडची, दुसरी पॉइंटकडची. पॉइंटकडच्या खुंटीवर ही मोठी डबी लागली की ती डेल्कोतल्या कंडेन्सरला समांतर होते. एकूण क्षमता सहापट होते, आणि पॉइंट उघडल्यावर कॉइलमध्ये चढणारा दाब निम्म्याच्याही खाली येतो. गाडी थंडीत सुरू होत नाही, वेगात मिस मारते, आणि दोष कार्बोरेटरला दिला जातो. ट्यूनिंगनंतर खरखर वाढली आणि गाडीही सुस्त झाली अशी दुहेरी तक्रार असेल, तर मी सगळ्यात आधी कॉइलच्या या दोन खुंट्या पाहीन. कॉइल बदलताना वायर उलटसुलट लागल्या आणि डबी मात्र जुन्याच जागी राहिली, तरीही परिणाम हाच होतो.

डबी योग्य खुंटीवर असूनही गप्प का करत नाही? बहुधा तिची पट्टी रंगावर कसलेली असते. ट्यूनिंगसोबत बॉनेटखाली रंगाचा एक हात मारायची पद्धत आहे. गाडी दिसते छान, पण रंगाचा पातळ थरही कंडेन्सरची अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी, तोडायला पुरेसा आहे. पट्टीखालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालून स्क्रू कसावा आणि मग वरून व्हॅसलीन लावावं. डबीची तार जितकी आखूड तितकी बरी. हातभर लांब वायर जोडून कंडेन्सर सोयीच्या जागी बसवला, तर ती वायरच गोंगाट वाहून नेते.

अर्थची हीच गोष्ट बाकी गाडीलाही लागू आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी सैल असेल तर प्लगचा परतीचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, स्पीडोमीटरच्या केबलमधून वाट काढतो आणि या केबल थेट डॅशबोर्डाखाली, रेडिओच्या शेजारी येतात. बॉनेटही महत्त्वाचं. बिजागऱ्यांत ग्रीस आणि कडेला रबर असेल तर बॉनेटचा पत्रा विजेच्या दृष्टीने अधांतरी असतो. त्याला बॉडीशी जोडणारी पट्टी असली तर तो गोंगाट अडवणारं झाकण बनतो. जुन्या रेडिओ मेकॅनिकनी लावलेली अशी पट्टी बॉनेट उतरवताना सुटते आणि परत लावायची राहते. मुंबईसारख्या शहराच्या खाऱ्या हवेत तर मडगार्डवरच्या एरियलच्या बुडाखालीच गंज धरतो. एरियलच्या वायरवरचं जाळीचं आवरण तिथे बॉडीला टेकणं गरजेचं आहे. तो सांधा गंजला की ती वायर संरक्षण हरवते आणि डॅशबोर्डामागचा सगळा कचरा गोळा करू लागते. तो गंज ट्यूनिंगने केलेला नसतो, पण गॅरेजमध्ये गाडी धुताना, पुसताना एरियल हलली की आधीच जेमतेम असलेला सांधा तुटतो.

एवढे संशयित असताना सुरुवात कानापासून करावी. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. आयडलिंगला मिनिटाला नऊशे फेरे धरले तर सेकंदाला तीस ठिणग्या होतात. रेडिओत त्यांचा टरटर आवाज येतो, ठोके वेगळे जाणवतात. तीन हजार फेऱ्यांना त्या सेकंदाला शंभर होतात आणि टरटरीची घरघर होते. ऐकू येणारा आवाज याहून बारीक, शिट्टीसारखा असेल आणि वेगाबरोबर त्याची पट्टी चढत असेल, तर संशय डायनॅमो किंवा अल्टरनेटरवर जायला हवा. बारा ध्रुवांच्या नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका फेऱ्यात छत्तीस लहानशा लाटा उमटतात; तो इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरतो असं धरलं तर आयडलिंगलाच त्याचा आवाज हजार हर्ट्‌झच्या घरात असतो. टरटर आणि शिट्टी यांत गल्लत होणं कठीण आहे. वेगाशी काहीच संबंध नसलेली, मधूनच येणारी आणि हेडलाइट लावल्यावर बदलणारी चरचर असेल तर ती जुन्या पद्धतीच्या कटआउटच्या आत, म्हणजे त्यातल्या रेग्युलेटरमध्ये, उघडमिट करणाऱ्या पॉइंटची असते.

यावर शिक्कामोर्तब करायचं असेल तर गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेली ठेवून इंजिन दोन हजार फेऱ्यांपर्यंत चढवावं आणि चावी बंद करावी. रेडिओ चावीवर चालत असेल तर त्याला त्या वेळेपुरती बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी वायर द्यावी. चावी फिरवताक्षणी खरखर कापल्यासारखी थांबली, तर ती इग्निशनची. इंजिन थांबत जाताना आवाजही काही क्षण उतरत उतरत गेला, तर ती डायनॅमोची. हा प्रयोग चालत्या गाडीत कधीही करू नये. चावी बंद केल्यावर स्टिअरिंग अडकू शकतं.

आवाज कोणत्या वाटेने येतो तेही याच वेळी पाहून घ्यावं. रेडिओच्या मागची एरियलची पिन उपटली. खरखर गेली? म्हणजे ती हवेतून, एरियलच्या वाटेने येत होती. प्लग वायर, रोटर, बॉनेटची पट्टी, एरियलचं बूड इकडे लक्ष द्या. पिन काढूनही तशीच राहिली? म्हणजे ती रेडिओला वीज देणाऱ्या वायरमधून येते; कॉइलवरची डबी, डायनॅमोचा कंडेन्सर आणि रेडिओची स्वतःची अर्थ पाहा. डायनॅमोचा कंडेन्सर जाड वायरच्या खुंटीवर लागतो. फील्डच्या बारीक खुंटीवर तो कधीही लावू नये, कटआउटचे पॉइंट जळतात. या एका पिनेने निम्मं काम हलकं होतं, आणि तरीही आधी नवे सुटे भाग विकत आणून मग विचार करणारेच जास्त भेटतात याची मला हळहळ वाटते.

इग्निशनवर बोट ठरलं की एक स्वस्त हत्यार उपयोगी पडतं: खिशातला मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर. तो दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावावा आणि इंजिन आयडलिंगला ठेवून बॉनेट उघडून हळूहळू जवळ न्यावा. बॉनेटच्या आत शिरल्यावर सगळीकडेच ठणाणा असतो आणि ट्रान्झिस्टरमधली आवाज सारखा ठेवणारी यंत्रणा फरक झाकून टाकते. म्हणून आवाज किती मोठा यापेक्षा तो किती लांबून सुरू होतो ते पाहावं. एखाद्या वायरच्या बाजूने वीतभर आधीच टरटर सुरू झाली, तर ती वायर काढून मीटरवर मोजावी. इंजिन चालू असताना पंखा, पट्टा आणि प्लग वायर यांपासून हात, बाही आणि ट्रान्झिस्टरचा पट्टा लांब ठेवावा. चालू इंजिनात प्लग वायर उपटून पाहण्याची सवयही सोडून द्यावी; बाहेर पडायला वाट न मिळालेला दाब कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर जातो.

मोजणी गाडी बंद करूनच करायची. मीटर किलोओहमवर ठेवून वायरच्या दोन टोकांना लावला की तीन प्रकारची उत्तरं मिळतात. जवळपास शून्य आलं तर वायर तांब्याची. लांबीच्या मानाने पाच ते दहा हजार आलं तर कार्बनची आणि धडधाकट. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कार्बनचा धागा आतून तुटलेला आहे. हा तिसरा प्रकार फसवा असतो. प्लग काढताना रबरी बूट धरण्याऐवजी वायर धरून ओढली की धागा टोकाशी तुटतो, पण पंधरा हजार व्होल्टला मिलिमीटरभर फट म्हणजे काहीच नाही. करंट तिथून उडी मारून पुढे जातो आणि गाडी चालते. रेझिस्टरवाली वायर असूनही खरखर होते ती यामुळे. प्लगचं मोजमापही तसंच घेता येतं: वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत पाच हजारांच्या आसपास आलं तर तो 'आर'चा, शून्य आलं तर साधा.

रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर खराब इन्सुलेशनच्या वायरभोवती निळसर चमक दिसते, एखादी ठिणगी थेट इंजिनच्या लोखंडावर पडताना दिसते. हे पाहण्यात वेळ घालवण्यासारखा आहे, कारण मीटर आतला धागा मोजतो, बाहेरच्या रबराची गळती त्याला कळत नाही.

उपाय करताना एक पथ्य पाळावं: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच जागी, त्याच स्टेशनवर रेडिओ ऐकायचा. जुने भाग पिशवीत परत मागून घेतले असतील तर उत्तमच. जुना रोटर परत लावला, खरखर गेली, तर वाद संपला. गॅरेजला गाडी देतानाच 'काढलेलं सामान डिकीत ठेवा' असं सांगितलं तर कोणी नाराज होत नाही.

मात्र एकदा रेझिस्टरचा गुण कळला की तो सगळीकडे लावायचा मोह होतो. रेझिस्टरची वायर, 'आर'चे प्लग, वायरच्या टोकाला रेझिस्टरची टोपी, शिवाय रेझिस्टरचा रोटर. पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या कॉइलला हे ओझं जास्त होतं. थंड सकाळी सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब आधीच उतरलेला असतो, कॉइल पूर्ण भरत नाही, आणि तेव्हा प्रत्येक शे-पाचशे व्होल्ट मोलाचे असतात. माझी पसंती कार्बनच्या वायर आणि 'आर'चे प्लग, किंवा तांब्याच्या वायर, 'आर'चे प्लग आणि रेझिस्टरचा रोटर, या दोनपैकी एका जोडीला आहे. दुसरी जोडी टिकाऊ पडते, कारण आतून तुटणारा धागाच तिच्यात नाही. ट्यूनिंगच्या वेळी पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर मात्र रोधवाली वायरच हवी. तांब्याच्या वायरमधला गोंगाट त्या यंत्रणेलाच गोंधळात टाकू शकतो.

खरखर फक्त मध्यम लहरींवर येते आणि एफएम स्वच्छ आहे, म्हणजे गाडी ठीक आहे, असंही काहींना वाटतं. मध्यम लहरींवर कार्यक्रम लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगी नेमकी उंचीच बिघडवते. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३मध्ये पेटंट मिळवलेल्या एफएममध्ये कार्यक्रम वारंवारतेच्या बदलात असतो. उंचीतले चढउतार रेडिओ छाटून टाकतो. एफएम स्वच्छ ऐकू येतं ते या रचनेमुळे. गाडी तेव्हाही तेवढाच गोंगाट करत असते आणि तो शेजारच्या गाडीतल्या रेडिओपर्यंत पोचतो.

इंजिन बंद करूनही थोडी खरखर उरली तर आधी सिगारेट लायटरमध्ये खोचलेला मोबाइल चार्जर काढून पाहावा, मग हौसेने बदललेले एलईडी दिवे विझवून पाहावेत. दोन्हींच्या आत सेकंदाला हजारो वेळा उघडमिट करणारं सर्किट असतं आणि स्वस्त मालात त्याच्या बंदोबस्तावर खर्च केलेला नसतो. तरीही राहिली तर गाडी शंभर पावलं पुढे नेऊन ऐकावं. रस्त्यावरचे दिवे आणि विजेचे डीपीही मध्यम लहरींवर बोलतात.

एरियल काढून-घालून झाली असेल तर तिचा ट्रिमर जुळवायचा राहतो. बहुतेक जुन्या रेडिओंत एरियलच्या भोकाजवळ किंवा पुढच्या नॉबमागे एक लहान स्क्रू असतो. एरियल पूर्ण वर ओढून, डायलवर १४०० किलोहर्ट्‌झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन धरून तो स्क्रू आवाज सर्वांत भरेल तिथपर्यंत फिरवायचा. स्टेशन जितकं जोरात, तितकी उरलीसुरली खरखर मागे पडते. हे झालं की चारही वायरचे आणि मधल्या कॉइल वायरचे ओहम, प्लगचा पूर्ण क्रमांक, रोटर कोणता आणि कॉइलवरची डबी कोणत्या खुंटीला आहे, हे सगळं एका कार्डावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावं, आणि पुढच्या ट्यूनिंगला किल्लीबरोबर ते कार्डही मिस्त्रींच्या हातात द्यावं.